डावा कौल

"माका ठावक नाय. दिसता ता सांगतंय."

बेटावरचा किल्ला दाखवायला काका निघाले की त्यांचं पहिलं वाक्य हे. गिऱ्हाईक होडीतून उतरलेलं, गुडघ्यापर्यंत भिजलेलं, मोठ्या हौसेनं दरवाजापाशी उभं, आणि किल्ला दाखवणारा माणूसच म्हणतो, मला ठाऊक नाही! अर्धे लोक तिथल्या तिथे दुसऱ्या गाईडकडे वळत. काकांना त्याचं काहीच वाटत नसे. तापलेल्या पोराच्या कपाळावर हात ठेवावा तसा ते दरवाजाच्या चिऱ्यावर तळवा ठेवत, आणि उरलेल्यांना "येवा" म्हणत आत शिरत.

तुम्ही मालवणच्या बाजूला आलात तर नावाजलेले किल्ले बघून परत जाता. आमच्या गावासमोरचं बेट लहान आहे, तिकडे फारसं कोणी वळत नाही. चिऱ्याची तटबंदी, गोड्या पाण्याची एक तळी, काही पडकी जोती आणि बुरूज. मी मसुऱ्याची, लग्न होऊन या गावात आले. नवऱ्याची होडी आणि बेटावर माझी सरबताची टपरी, असा आमचा संसार. टपरी गावाकडच्या मोठ्या बुरुजाच्या सावलीत. त्या बुरुजाच्या बुडाशी एक खोपटाएवढी जागा होती, वाकून शिरावं लागे अशी. आत एक उभा काळा दगड. तो बेटाचा राखणदार. त्याची पूजा गुरवाच्या घराण्याकडे, म्हणजे काकांकडे.

आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही आशेनं वाचणार नाही. तो बुरूज आता नाही. राखणदार नाही. काकाही नाहीत.

काका रोज सकाळी आमच्याच होडीतून फुलांची परडी घेऊन येत. अंगात पांढरा शर्ट, खाली पंचा, काखेत बारा महिने छत्री. डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता, पण ऑपरेशनचं नाव काढलं की म्हणत, "माका दिसूचा तितक्या दिसता." तरी किनाऱ्यावरून बेटावरच्या बुरुजाकडे बघताना त्यांना माझे डोळे लागत.

"बाय, बघ गो. उभो आसा मां?"

"आसा, काकानू."

"मगे चल."

हे रोजचं. इतकं रोजचं, की नंतर नंतर मी न बघताच "आसा" म्हणायची.

बाकीचे गाईड पर्यटकांना काय काय दाखवत! समुद्राखालून गावात निघणारं भुयार, राणीचा महाल, तिच्या न्हाणीघरातली गुप्त खिडकी. ऐकायला मलाही मजा वाटे. काकांच्या पाठीमागून हिंडणाऱ्यांच्या वाट्याला यातलं काही येत नसे. दरवाजाच्या आत दोन्ही बाजूंना अडसर घालायची खोल भोकं आहेत, त्यांत ते पोरांना कोपरापर्यंत हात घालायला लावत. पायऱ्या मधोमध झिजल्यात, तिथे बसायला सांगत. "बघा, किती लोक गेले असतले. कोण ते माका ठावक नाय."

एकदा पुण्याकडच्या एका बाईंनी हट्टच धरला, राणीचा महाल दाखवा म्हणून. काका म्हणाले, "राणी हंय कित्याक रवात? पावसात चार महिने भाजी मिळणा नाय." बाई नवऱ्याकडे बघायला लागल्या. नवरा हसत होता.

दुसऱ्या वेळी मोबाइल काठीला लावलेला एक मुलगा आला. त्याला भुताचा व्हिडिओ हवा होता. "काका, फक्त एवढंच बोला, की इथे रात्री आवाज येतात." काकांनी शांतपणे विचार केला आणि कॅमेऱ्यात बघून म्हणाले, "रात्री मी घराकडे असतंय." त्यानं तीनदा घेतलं, काकांनी तीनदा हेच सांगितलं.

मलाही त्यांनी सोडलं नाही. मी टपरीवर मोठ्यानं सांगायची, "घरच्या कोकमाचं सरबत!" घरची आमसुलं शिमग्यापर्यंतच पुरतात, पुढे बाजार असतोच, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. एका गिऱ्हाइकानं शेजारी टेकलेल्या काकांना सहज विचारलं, "खरंच घरचं का हो?" काका म्हणाले, "कुडाळच्या बाजारातला. पण बरा आसा." त्या दिवशी मी त्यांना चहा दिला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी ते टपरीसमोर येऊन उभे राहिले.

"बाय, चाय नाय?"

"खोटा बोललं असतंत तर जीभ झडली असती तुमची?"

"झडली नसती गो," ते ओशाळून म्हणाले, "पण उचलणाच नाय."

मी हसले, चहा दिला. तेव्हा ते हसण्यासारखंच होतं.

बुरुजाला भेग पडली होती ती मी लग्न होऊन आले तेव्हाही होती. सुरुवातीला तिच्यात कोयतीचं पातं जाई. मग माझा हात जायला लागला. वरून एक पिंपळ तिच्यात मुळं सोडायचा. काका त्याची रोपं उपटून काढत, आणि तो पुन्हा येई. पावसाळा संपून होड्या सुरू झाल्या की पहिल्या दिवशी ते पूजेच्याही आधी भेगेपाशी जात. हात घालत, तसेच उभे राहत. एकदा म्हणाले, "ह्येच्या पोटात पाणी गेलासा, बाय. माणसाच्या पोटात गेला तर दिसता. दगडाच्या पोटातला दिसणा नाय."

मग त्यांनी कचेऱ्यांचे उंबरे झिजवायला सुरुवात केली. कचेरीच्या दिवशी पंचा जाऊन पँट येई, आणि मालवणी जाऊन पुस्तकातलं मराठी. मी एकदा सोबत गेले होते. साहेबांसमोर काका ताठ उभे राहून म्हणाले, "साहेब, बुरूज आजारी आहे. आपण एकदा येऊन त्याला पाहून जावे." साहेबांना वाटलं, बुरूज हे कोणाचं तरी आडनाव आहे. बाहेर आल्यावर मी हसून हसून बेजार झाले. काका मात्र व्हरांड्यातल्या बाकावर बसून म्हणाले, "हसा नको. मी गेल्यार हंय कोण येतलो?"

किती वर्षं ते गेले-आले, मी मोजलं नाही. एवढं खरं, की शेवटी बेटावर एक इंजिनियर मॅडम आल्या. तरुण होत्या, पण टोपी घालून उन्हात दिवसभर भेग तपासत बसल्या. त्यांनी काकांना समजावलं: बुरुजाचा फाटलेला भाग वरून एकेक चिरा करत उतरवायचा, प्रत्येक चिऱ्यावर खूण घालायची, आतली भरणी नव्यानं चुन्यात करायची, आणि तेच चिरे त्याच जागी परत बसवायचे. पावसाच्या आत काम उरकायचं. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे तो तोच राहील ना?" मॅडम म्हणाल्या, "तोच राहील, काका." संध्याकाळी होडीत काका बोलतच सुटले. माझ्या नवऱ्याला त्यांनी चुना कसा भिजवतात ते सांगितलं, अडसर कसा असेल ते सांगितलं, आणि एक गाणंही म्हटलं, जे कुणालाच कळलं नाही. इतका आनंदलेला माणूस मी त्या होडीत कधी पाहिला नव्हता.

पण आमच्याकडे एक रीत आहे. राखणदाराला विचारल्याशिवाय बेटावरचा दगड हलवायचा नाही. तुम्ही म्हणाल, अडाणी लोक. म्हणा. पण कौल झाल्याशिवाय गावातला एकही गवंडी चिऱ्याला हात लावणार नाही, आणि बाहेरून गवंडी आणला तर त्याला बेटावर नेणारी होडी मिळणार नाही. माझ्या नवऱ्यानंही नेलं नसतं. मॅडमना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "विचारा की. राखणदार स्वतःचं घर दुरुस्त करायला नाही कशाला म्हणेल?" आम्हा सगळ्यांनाही तसंच वाटलं.

देवदिवाळी होऊन गेली होती. गाव बेटावर जमलं. कौल कसा लावतात ते तुम्ही पाहिलं नसेल तर सांगते. देवाच्या दगडाला ओल्या फुलकळ्या चिकटवतात, काही उजवीकडे, काही डावीकडे. गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतात. मग वाट बघायची. उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. कळ्या लावायच्या गुरवानं, गाऱ्हाणं घालायचं गावकरांनी. गावकर म्हणजे आमच्या गावचे पहिले मानकरी, वयानं काकांपेक्षा थोडे मोठे आणि आवाजानं फार मोठे.

राखणदाराच्या जागेत दोन माणसं मावत नाहीत. काका एकटे समई घेऊन वाकून आत गेले. त्यांच्या पाठीमुळे बाहेरून दगड दिसत नव्हता. गावकर दाराशी उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा, बेटाच्या राखणदारा, आज ही सगळी लेकरां तुज्या पायाकडे इली आसत. तुझो बुरूज फाटलो आसा. तो मोडूचो आसा, परत बांधूचो आसा. मोडूक तुझी परवानगी आसात तर उजवो दी, नसात तर डावो दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे ओरडलो.

तटाखाली पाणी आपटत होतं तेवढंच. मॅडम माझ्या शेजारी उभ्या होत्या, त्यांनी माझा हात धरला होता. काकांची पाठ हलत नव्हती. फार वेळ झाला. एक कळी पडायला इतका वेळ लागतो का, असं मला वाटायला लागलं.

काका मागे सरकत बाहेर आले, उभे राहिले. समई हातातच होती. त्यांच्या तोंडाकडे बघून मी समजले, तरी मनात म्हटलं, काकानू, आज एक दिवस. आत तुमच्याशिवाय कोण होतं? एक शब्द उलटा. एवढाच.

"डावो," काका म्हणाले.

गावकरांनी विचारलं, "नीट बघलास, गुरवानू?"

"दिसला ता सांगतंय."

मॅडम आमच्यावर चिडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. जाताना काकांना नमस्कार करून गेल्या. त्या कामाचे पैसे दुसरीकडे गेले, त्याही बदलून गेल्या.

गावात कोणी काकांना बोल लावला नाही. देवाची मर्जी, म्हणाले आणि आंब्याच्या मोहोराकडे वळले. काका मात्र आठवडाभरात गावकरांच्या ओटीवर गेले. मी तेव्हा गावकरांच्या सुनेकडे नारळ न्यायला गेले होते, म्हणून मला ऐकू आलं.

"आमी इचारलाव चुकीचा," काका म्हणत होते. "मोडूक देतस काय, म्हणान इचारलाव. कोणाच्या दारात जावन तुझा घर मोडूक देतस काय इचारला तर तो व्हय म्हणतलो? वाचवू काय, म्हणान इचारूया. परत लावया कौल."

"गुरवानू," गावकर म्हणाले, "डावो पडल्यार पुढल्या देवदिवाळीपर्यंत परत नाय. तुमच्या बापाशीन माका शिकवल्यानी ह्या. तुमीच मोडतास?"

काका म्हणाले, "नाय. बापाशीचा बरोबर आसा." आणि छत्री उचलून घरी गेले.

मला अजून राग येतो. कोणाचा ते नीट सांगता येत नाही. गावकरांनी रीत पाळली, काकांनी खरं सांगितलं, मॅडमनी आपलं काम केलं, गवंड्यांनी देवाचा मान राखला. सगळे आपापल्या जागी बरोबर. एकाची जरी त्या दिवशी नियत वाईट असती, तरी तो बुरूज आज उभा असता.

पुढल्या देवदिवाळीच्या आधी पावसाळा होता.

श्रावणात वाऱ्यापावसाचे दोन दिवस झाले. होड्या ओढून वर घेतलेल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी उघडीप पडली आणि मी माशांच्या आशेनं किनाऱ्यावर गेले. काका आधीच तिथे होते. उघडी छत्री बाजूला वाळूत पडली होती. ते बेटाकडे तोंड करून उभे होते. माझी चाहूल लागली तेव्हा मागे न बघता त्यांनी विचारलं,

"बाय, माका दिसणा नाय. बघ गो. उभो आसा मां?"

मी बघितलं. तटाची रेघ उजवीकडून येत होती आणि मध्येच तुटत होती. तिथे नुसतं आभाळ होतं. किती सोपं होतं "आसा" म्हणणं. रोज न बघता म्हणायची. त्या दिवशी बघितल्यावर नाही म्हणता आलं.

"नाय, काकानू. दिसणा नाय."

ते वाळूत खाली बसले. रडले नाहीत. मग म्हणाले, "आतलो?" त्यांना राखणदार म्हणायचं होतं. बुरूज त्याच्याच अंगावर पडला होता. मी त्यांची छत्री उचलून मिटली.

समुद्र शांत झाल्यावर होड्या सुरू झाल्या. काका पहिल्याच होडीनं आले. परडीत फुलं होती. चिऱ्यांच्या ढिगापाशी गेले, फुलं कुठे ठेवायची ते कळेना, म्हणून परडीच खाली ठेवली आणि शेजारी बसले. त्यानंतर त्यांनी कोणाला किल्ला दाखवला नाही. कोणी विचारलंच तर मान हलवत. मी चहा नेऊन द्यायची, तो निवून जाई.

एकदाच आपण होऊन बोलले. "तेका ठावक नसतला काय गो, पडतलो म्हणान? मगे तेणी नको कित्याक म्हटल्यान?" तुमच्यापाशी उत्तर असेल तर मला कळवू नका, आता उपयोग नाही.

देवदिवाळी आली तेव्हा कौल लावायला दगडच नव्हता.

त्यांची मुलगी नांदगावात दिलेली. ती येऊन त्यांना घेऊन गेली. जाताना त्यांनी हट्ट केला नाही, हेच मला लागलं. नंतर एकदा कणकवलीला काम होतं तशी मी पुढे नांदगावला गेले. मुलीचं घर रेल्वे स्टेशनपासून जवळच. मागल्या पडवीत काका खाटेवर बसले होते. समोर काजूची झाडं. समुद्राचा वाससुद्धा नाही. मुलीनं ऑपरेशन करून घेतलं होतं, डोळे आता लख्ख होते. त्या डोळ्यांनी ते काजूकडे बघत होते.

मी आमसुलांची पुडी दिली. त्यांनी नाकाशी नेली आणि विचारलं, "घरची?"

"घरची. तुमची शपथ."

ते जरासे हसले. मुलगी चहा ठेवून आत गेली तेव्हा हळूच म्हणाले, "एक इचारतंय. खरा सांग. माझ्या जाग्यार तू असतंस तर भायर येवन काय सांगलं असतंस?"

मी सांगायला नको होतं का? पण त्यांनी खरं सांग म्हटलं होतं.

"उजवो सांगलं असतंय, काकानू."

त्यांनी मान हलवली. "व्हय. तुका जमला असता. तू कोकमाचा सांगतस मां रोज." त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. मला वाटतं, हेवा होता. "माझ्या तोंडात इललो गो शब्द. उजवो. समई धरून तितको वेळ मी तोच घोळवत होतंय. पण उचलूक नाय जीभ."

पडवीच्या कुडावर त्यांनी तळवा ठेवला आणि तसाच ठेवून बसले. मी निघाले तेव्हाही तो तिथेच होता.

ते गेल्याचं मला फोनवरून कळलं, सारं उरकून गेल्यावर. मुलीनं एवढंच सांगितलं की शेवटी जेवण सोडलं होतं, दुखणं असं काही नव्हतं.

आता टपरीवर सकाळपासून ऊन येतं. मी निळी ताडपत्री बांधली आहे. भगदाडातून थेट गाव दिसतं, नारळीची रांग दिसते, आणि लोक तिथे फोटो काढायला ओळ लावतात. म्हणतात, इथून काय सुंदर दिसतं! नवा गाईड त्यांना सांगतो, की लढाईत तोफेचा गोळा लागून हा बुरूज पडला, आतले वीर एकही मागे हटले नाहीत. लोक माना डोलावतात. मला उठून सांगावंसं वाटतं, की कुठला गोळा? एका माणसाला एक शब्द खोटा बोलता आला नाही, म्हणून हा पडला. पण ते कोणाला खरं वाटणार? मी गप्प बसते, पेले विसळते.

परवा एका गिऱ्हाइकानं विचारलं, "मावशी, घरच्या कोकमाचं आहे ना?"

"कुडाळच्या बाजारातलं," मी म्हटलं.

तो पेला न घेताच पुढे गेला.